पाण्यातील धातूंचा माग : पर्यावरण प्रयोगशाळेसाठी प्लाझ्मा वर्णपटमापी निवडताना

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगावसारख्या गावातून पाण्याची बाटली तपासणीसाठी निघते, तेव्हा गावाला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते. हे पाणी पिण्याजोगे आहे की नाही? काही दिवसांनी जो अहवाल हाती पडतो, त्यात शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांच्या नावांपुढे बहुधा 'आढळले नाही' किंवा 'निरंक' असे शब्द असतात. हा शब्द वाचून गाव निश्चिंत होते. परंतु 'आढळले नाही' याचा अर्थ 'पाण्यात नाही' असा होत नाही. प्रयोगशाळेतील यंत्राला जितके सूक्ष्म प्रमाण ओळखता येते, तितके ते नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. यंत्राची नजरच अधू असेल, तर मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक शिसे असलेले पाणीही अहवालात निरंक ठरू शकते. त्यामुळे पर्यावरण प्रयोगशाळेने कोणते यंत्र घ्यावे, हा वरकरणी रसायनशास्त्रज्ञांचा वाटणारा प्रश्न सार्वजनिक आरोग्याशी थेट निगडित आहे.

पाणी, माती, गाळ आणि सांडपाणी यांतील धातूंचे प्रमाण मोजण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या यंत्रांत प्लाझ्मा उत्सर्जन वर्णपटमापीचा समावेश होतो. शास्त्रीय परिभाषेत ते 'आयसीपी-ओईएस' या नावाने ओळखले जाते. ते निवडताना कोणत्या बाबी पाहाव्यात, त्याच्याकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, याचा हा परिचय.

वैनगंगेचे खोरे आणि धातूंचा प्रश्न

भंडारा हा तलावांचा आणि भाताचा जिल्हा. त्याचबरोबर तो खनिजांचा आणि धातुकामाचाही जिल्हा आहे. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे 'मॉईल' या सार्वजनिक कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. भंडारा शहराची ओळख पितळी भांड्यांमुळे आहे, आणि पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. वैनगंगेला मिळणारी कन्हान नदी नागपूर परिसरातून वाहत येते. नागपूर शहराचे सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी या कन्हानलाच मिळते. पुढे हे सारे पाणी पवनी तालुक्यातील गोसीखुर्दच्या धरणात, म्हणजे इंदिरासागर जलाशयात साठते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राचा खसाळा येथील राखबंधारा फुटला, तेव्हा राखमिश्रित पाणी लगतच्या नदीनाल्यांत पसरले. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम, मँगनीज असे अनेक घटक अल्प प्रमाणात असतात, हे सर्वज्ञात आहे.

यावरून वैनगंगेचे पाणी विषारी आहे, असा निष्कर्ष काढणे सर्वथा अयोग्य ठरेल. नदीत मिसळणारे धातू पातळ होतात, गाळात बसतात, मातीच्या कणांना चिकटतात. ते कोठे, किती आणि कोणत्या ऋतूत आढळतात, हे केवळ मोजणीनेच सांगता येते. भीती आणि बेफिकिरी या दोहोंवर विश्वासार्ह आकडा हाच उतारा असतो.

भूगर्भाचा प्रश्न याहून वेगळा. भंडारा परिसर पुरातन स्फटिकी खडकांचा आहे, आणि अशा खडकांतील विंधन विहिरींच्या पाण्यात लोह, मँगनीज व फ्लोराइड अधिक असण्याची शक्यता असते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये, पूर्वीच्या राजनांदगाव जिल्ह्यातील कौडीकसा परिसरात, भूजलातील आर्सेनिकचा प्रश्न अनेक वर्षांपासून नोंदलेला आहे. तेथील आर्सेनिक कारखान्यातून आलेले नाही, ते खडकांतूनच उतरलेले आहे. म्हणूनच कारखाना नसलेल्या गावातील पाणीही तपासणे आवश्यक ठरते.

प्रकाशावरून धातूची ओळख

चुलीवरच्या भाताचे मीठ घातलेले पाणी उतू जाऊन जाळावर पडले, की ज्योत क्षणभर पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातील सोडियमचा. दिवाळीच्या फटाक्यांतील हिरवा रंग बेरियमचा, तर लाल रंग स्ट्रॉन्शियमचा. तापलेल्या मूलद्रव्याचे अणू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश बाहेर टाकतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या या रेषा वेगळ्या असतात. प्लाझ्मा वर्णपटमापी हेच तत्त्व वापरतो.

चुलीची किंवा गॅसची ज्योत मात्र सर्व मूलद्रव्यांना उत्तेजित करण्याइतकी तप्त नसते. यंत्रात त्यासाठी आरगॉन वायूचा प्लाझ्मा वापरतात. क्वार्ट्झच्या, एकात एक बसवलेल्या तीन नळ्यांच्या 'टॉर्च'मधून आरगॉन वाहतो. टॉर्चभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून २७ किंवा ४० मेगाहर्ट्झच्या वारंवारितेची विद्युतऊर्जा दिली जाते. त्यातून सुमारे सहा ते दहा हजार अंश केल्विन तापमानाचा झगझगीत प्लाझ्मा तयार होतो. तपासावयाच्या पाण्याचे नेब्युलायझरच्या साहाय्याने सूक्ष्म तुषार करून ते या प्लाझ्मात सोडतात. त्यातील धातूंचे अणू चमकतात, तो प्रकाश जाळीवर पडून विभागला जातो आणि कोणत्या रेषेची तीव्रता किती, हे इलेक्ट्रॉनिक शोधक मोजतो.

इंग्लंडमध्ये स्टॅन्ले ग्रीनफिल्ड यांनी १९६४ मध्ये आणि अमेरिकेतील आयोवा येथे वेंट व फॅसेल यांनी १९६५ मध्ये या पद्धतीचे पहिले प्रबंध प्रसिद्ध केले. १९७४ पासून अशी यंत्रे बाजारात येऊ लागली. एकाच नमुन्यातील वीस-पंचवीस धातू दोन-तीन मिनिटांत एकदम मोजता येणे, हे तिचे मोठे सामर्थ्य. पूर्वापार वापरात असलेल्या अणुशोषण पद्धतीत प्रत्येक धातूसाठी सहसा स्वतंत्र दिवा लावून एकेक मोजणी करावी लागते.

आधी मानक, मग यंत्र

यंत्र निवडताना पहिली चूक होते ती माहितीपत्रकापासून सुरुवात केल्याने. सुरुवात व्हायला हवी ती प्रयोगशाळेला कोणत्या मानकाची पूर्तता तपासायची आहे, येथून. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे 'आयएस १०५००' हे मानक आहे. २०१२ च्या आवृत्तीनुसार पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम आहे. आर्सेनिक आणि सेलेनियम यांचीही मर्यादा तेवढीच. कॅडमियमची मर्यादा ३ मायक्रोग्रॅम, निकेलची २०, एकूण क्रोमियमची ५०, तर पाऱ्याची केवळ १ मायक्रोग्रॅम आहे. मँगनीजची स्वीकारार्ह मर्यादा १०० मायक्रोग्रॅम असून दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ३०० पर्यंत मुभा आहे.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी लागते. याच मानकाच्या १९९१ च्या आवृत्तीत शिशाची मर्यादा ५० मायक्रोग्रॅम, तर कॅडमियमची १० मायक्रोग्रॅम होती. पुढे ती अनुक्रमे पाचपट आणि तिपटीहून अधिक कडक झाली. जे यंत्र जुन्या मर्यादेसाठी पुरेसे होते, ते नव्या मर्यादेसाठी पुरेसे असेलच असे नाही.

यंत्राच्या क्षमतेबाबत दोन संज्ञा वेगवेगळ्या ओळखायला हव्यात. 'शोधमर्यादा' म्हणजे ज्या प्रमाणाला धातू आहे, इतके खात्रीने म्हणता येते ते किमान प्रमाण. 'मापनमर्यादा' म्हणजे ज्या प्रमाणापासून पुढे आकडा भरवशाने सांगता येतो ते प्रमाण. मापनमर्यादा शोधमर्यादेच्या साधारण तीन ते पाच पट असते. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात छापलेली असते ती शोधमर्यादा, आणि तीही बहुधा शुद्ध पाण्यात, आदर्श परिस्थितीत काढलेली. आसगावच्या विहिरीचे पाणी मात्र क्षारांसह येते. म्हणून प्रयोगशाळेने असा व्यवहारी नियम पाळावा की, आपल्या प्रत्यक्ष नमुन्यातील मापनमर्यादा ही कायदेशीर मर्यादेच्या निम्म्याहून, शक्यतो एकतृतीयांशाहून कमी असावी.

हा नियम लावला की चित्र स्पष्ट होते. मँगनीज, लोह, तांबे, जस्त, बेरियम, बोरॉन यांच्यासाठी प्लाझ्मा वर्णपटमापी सहज पुरेसा आहे. कॅडमियम, क्रोमियम आणि निकेल चांगल्या यंत्रावर नीट मोजता येतात. शिसे काठावर, पण साध्य. आर्सेनिक आणि सेलेनियम यांची मोजणी साध्या मांडणीत डळमळीत होते. पाऱ्याची मर्यादा तर या यंत्राच्या नेहमीच्या मांडणीच्या आवाक्याबाहेरच आहे.

बाजूने पाहावे की समोरून?

प्लाझ्माकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. ज्योतीकडे बाजूने पाहिले तर तिला 'रेडियल' म्हणतात आणि तिच्या लांबीच्या दिशेने, टोकाकडून पाहिले तर 'अक्षीय'. अक्षीय रीतीत प्रकाशाचा मार्ग लांब असल्याने संवेदनशीलता अनेकदा पाच ते दहा पटींनी वाढते. रेडियल यंत्रात शिशाची शोधमर्यादा दहा-वीस मायक्रोग्रॅमच्या घरात असते. म्हणजे १९९१ च्या मर्यादेसाठी ती कशीबशी चालली असती, आजच्या मर्यादेसाठी मुळीच नाही. अक्षीय यंत्रात ती एक-दोन मायक्रोग्रॅमपर्यंत खाली येते.

अक्षीय रीतीला तिचे दोषही आहेत. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांसारखे सहज आयनीभूत होणारे घटक नमुन्यात जास्त असतील, तर इतर धातूंच्या संकेतांवर त्यांचा परिणाम होतो. गाळाची आम्लातील द्रावणे किंवा खारट सांडपाणी यांच्या बाबतीत रेडियल रीत अधिक स्थिर ठरते. या कारणास्तव आज बाजारातील बहुतेक यंत्रांत दोन्ही रीतींची सोय असलेली 'दुहेरी दृश्य' मांडणी दिली जाते. पिण्याचे पाणी, सांडपाणी आणि गाळ हे तिन्ही तपासणाऱ्या प्रयोगशाळेला हीच मांडणी सोयीची. टॉर्च उभा की आडवा, हेही विचारावे. उभ्या टॉर्चमध्ये क्षारांचा थर कमी साचतो आणि क्वार्ट्झच्या नळ्या अधिक टिकतात. आडवा टॉर्च निव्वळ पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अडचणीचा ठरत नाही.

रेषांची सरमिसळ

प्रत्येक धातूच्या रेषा वेगळ्या असल्या, तरी त्या एकमेकींच्या इतक्या जवळ असू शकतात की यंत्राला त्या एकच भासाव्यात. कॅडमियमची २२८.८०२ नॅनोमीटरची रेषा आणि आर्सेनिकची २२८.८१२ नॅनोमीटरची रेषा हे याचे नेहमीचे उदाहरण. शिशाच्या २२०.३५३ नॅनोमीटरच्या रेषेजवळ अ‍ॅल्युमिनियमचा अडथळा येतो. कॅडमियमच्या २१४.४३८ आणि २२६.५०२ या रेषांजवळ लोहाचा प्रभाव जाणवतो. माती आणि गाळ हे लोह व अ‍ॅल्युमिनियमने भरलेले असतात. त्यामुळे गाळाच्या नमुन्यात कॅडमियम नसतानाही तो आहे, असा आकडा येऊ शकतो. निरंक अहवाल जितका फसवा, तितकाच हा खोटा आकडाही. एकामुळे दूषित पाणी सुरक्षित ठरते, दुसऱ्यामुळे चांगली विहीर बंद होते.

म्हणून यंत्राची विभेदनक्षमता पाहावी. दोनशे नॅनोमीटरच्या आसपास ०.०१ नॅनोमीटर किंवा त्याहून सूक्ष्म अंतरावरील रेषा त्याला कितपत वेगळ्या करता येतात, हे विचारावे. सर्व रेषा एकाच वेळी टिपणारा अर्धवाहक शोधक असलेली यंत्रे आता प्रचलित आहेत. त्यांचा फायदा असा की, एका धातूसाठी दोन-तीन रेषा एकदम तपासता येतात आणि त्यांचे आकडे परस्परांशी जुळतात का, हे पाहता येते. जुन्या धर्तीच्या एकामागून एक रेषा मोजणाऱ्या यंत्रात यासाठी वेळ आणि आरगॉन दोन्ही अधिक खर्ची पडतात. आर्सेनिकच्या १८८.९७९ नॅनोमीटरसारख्या रेषा हवेतील ऑक्सिजन शोषून घेतो. त्यामुळे प्रकाशमार्ग आरगॉन किंवा नायट्रोजनने सतत भरलेला ठेवावा लागतो. ही व्यवस्था कशी आहे व तिला किती वायू लागतो, हे खरेदीपूर्वीच विचारून ठेवणे इष्ट.

हे यंत्र काय करू शकत नाही?

विदर्भातील भूजलाच्या संदर्भात हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. यवतमाळ, चंद्रपूरसह अनेक भागांत दातांवर डाग आणि हाडांना बाक आणणारा घटक म्हणजे फ्लोराइड. तो प्लाझ्मा वर्णपटमापीच्या नेहमीच्या मोजणीत दिसत नाही. त्यासाठी फ्लोराइड इलेक्ट्रोड किंवा आयन क्रोमॅटोग्राफ हे तुलनेने स्वस्त साधन लागते. नायट्रेटचीही गोष्ट तीच. फ्लोराइडने ग्रस्त गावांसाठी महागडे प्लाझ्मा यंत्र घेऊन इलेक्ट्रोडकडे दुर्लक्ष करणे म्हणजे रोग एक आणि औषध दुसरेच.

दुसरी मर्यादा रूपांची. हे यंत्र धातूचे एकूण प्रमाण सांगते, त्याचे रासायनिक रूप सांगत नाही. क्रोमियमचे षट्संयुजी रूप घातक, तर त्रिसंयुजी रूप तुलनेने निरुपद्रवी. दोहोंची विभागणी करायची तर वेगळी पद्धत लागते. तांदळातील आर्सेनिकबाबतही असेच आहे. आंतरराष्ट्रीय अन्नमानकात पॉलिश केलेल्या तांदळासाठी ठरवलेली किलोमागे ०.२ मिलिग्रॅम ही मर्यादा असेंद्रिय आर्सेनिकची आहे, एकूण आर्सेनिकची नाही. भाताच्या जिल्ह्यात हा भेद दुर्लक्षून चालणार नाही.

आर्सेनिक आणि सेलेनियमसाठी 'हायड्राइड' जोडणी घेता येते. तीत या मूलद्रव्यांचे वायुरूप संयुग करून ते प्लाझ्मात सोडतात आणि संवेदनशीलता अनेक पटींनी वाढते. पाऱ्यासाठी 'शीत बाष्प' पद्धत वापरतात. निविदेत या जोडण्या सुरुवातीलाच नमूद कराव्यात. नंतर स्वतंत्र खरेदीचा प्रस्ताव करून त्या आणणे सरकारी कार्यालयांत किती कठीण असते, हे सांगण्याची गरज नाही.

पर्याय कोणते?

प्रयोगशाळेत आठवड्याला दहा-पंधराच नमुने येत असतील आणि चार-पाचच धातू मोजायचे असतील, तर ग्राफाइट भट्टीचे अणुशोषण यंत्र पुरेसे ठरते. ते संथ असले तरी शिसे व कॅडमियमसाठी त्याची संवेदनशीलता प्लाझ्मा वर्णपटमापीपेक्षाही चांगली असते. याउलट पिण्याच्या पाण्यातील सर्व विषारी धातू, युरेनियमसह, एकदम आणि अतिसूक्ष्म प्रमाणात मोजायचे असतील, तर प्लाझ्माला वस्तुमान वर्णपटमापी जोडलेले 'आयसीपी-एमएस' यंत्र श्रेष्ठ. मात्र त्याची किंमत बरीच जास्त, त्याला स्वच्छ खोली आणि अधिक कुशल हात लागतात, आणि गाळासारखे क्षारयुक्त नमुने ते पातळ केल्याखेरीज सहन करीत नाही.

तिसरा पर्याय २०११ मध्ये बाजारात आलेला 'मायक्रोवेव्ह प्लाझ्मा' यंत्राचा. तो आरगॉनऐवजी हवेतून वेगळ्या केलेल्या नायट्रोजनवर चालतो. महानगरापासून दूर, जेथे आरगॉनचा पुरवठा बेभरवशाचा आहे, तेथे मँगनीज, लोह, तांबे यांसारख्या धातूंसाठी हा किफायतशीर मार्ग आहे. त्याची संवेदनशीलता मात्र आरगॉन प्लाझ्मापेक्षा कमी असते, आणि आर्सेनिकसाठी त्याला हायड्राइडची जोड लागतेच.

यंत्राआधीची बाटली

प्रयोगशाळेतील यंत्र कितीही उत्तम असले, तरी बाटलीत जे आले तेच ते मोजते. धातूंसाठीचा नमुना आम्लाने धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावा लागतो. त्यात शुद्ध नायट्रिक आम्ल घालून सामू दोनच्या खाली आणावा लागतो. तसे न केल्यास विहिरीतून वर आलेले लोह व मँगनीज हवेच्या संपर्काने तळाशी बसते, त्यासोबत आर्सेनिकही खाली ओढले जाते, आणि वरचे नितळ पाणी निर्दोष दिसते. योग्य रीतीने आम्ल घातलेला नमुना धातूंसाठी सहा महिन्यांपर्यंत आणि पाऱ्यासाठी अठ्ठावीस दिवसांपर्यंत ठेवता येतो. पाण्यात विरघळलेले धातू तेवढे मोजायचे असतील, तर आम्ल घालण्यापूर्वीच ते ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावे लागते. हातपंपाचे पाणी काही वेळ उपसल्यानंतरच नमुना घ्यावा. अन्यथा मोजले जाते ते भूजल नव्हे, पाइपातील गंज.

गाळ आणि माती यांचे आम्लात विघटन करण्यासाठी मायक्रोवेव्ह विघटन यंत्र लागते. त्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकात नसेल, तर गाळ तपासण्याचा हेतू कागदावरच राहतो.

आरगॉन, वीज आणि विदर्भाचा उन्हाळा

यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते, आरगॉनची मात्र रोज. यंत्र चालू असताना मिनिटाला सुमारे पंधरा ते अठरा लिटर आरगॉन लागतो. नेहमीच्या मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण सात घनमीटर वायू असतो. हिशेब केला तर एक सिलिंडर जेमतेम सहा-साडेसात तास, म्हणजे कामाचा एक दिवस पुरतो. द्रवरूप आरगॉनची १८० लिटरची टाकी अशा वीस-एकवीस सिलिंडरांइतका वायू देते आणि दरही कमी पडतो. परंतु ती वापरात नसली तरी तिच्यातील वायू दररोज थोडा थोडा उडून जातो. त्यामुळे रोज नमुने असणाऱ्या प्रयोगशाळेने टाकी घ्यावी, आठवड्यातून दोन दिवस यंत्र लावणाऱ्या प्रयोगशाळेने सिलिंडर ठेवावेत. नमुने साठवून ठरावीक दिवशी यंत्र सलग चालवणे, हा खर्च वाचवण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे.

नंतरचा मुद्दा विजेचा. मोजणी चालू असताना वीज गेली की प्लाझ्मा विझतो आणि अंशांकनापासून सारे पुन्हा करावे लागते. त्यामुळे यंत्र, संगणक, शीतक आणि धूर ओढणारा पंखा या सर्वांचा भार पेलणारी अखंडित वीजव्यवस्था हवी. पंखा बंद पडला तरी बहुतेक यंत्रे सुरक्षिततेसाठी आपोआप थांबतात. खोलीचे तापमान स्थिर लागते, कारण उष्णतेने प्रकाशीय भाग किंचित प्रसरण पावले तरी रेषा आपल्या जागेवरून सरकतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकणाऱ्या विदर्भात वातानुकूलन हा यंत्राचाच भाग मानला पाहिजे. ते बिघडल्यास पर्यायी संच असावा.

खरेदीची पद्धत

शासकीय खरेदीत दोन लिफाफ्यांची पद्धत असते. तांत्रिक लिफाफ्यात जे पात्र ठरतात, त्यांत सर्वांत कमी दराचा विक्रेता निवडला जातो. म्हणजे सारी मदार तांत्रिक अटींवर असते. 'अत्याधुनिक' आणि 'उच्च दर्जाचे' असे शब्द त्या अटींत असून उपयोग नाही. 'लिटरमागे १० मायक्रोग्रॅम शिसे मिसळलेल्या भूजलात ८५ ते ११५ टक्के अचूकता', अशी मोजता येणारी अट हवी. विशिष्ट कंपनीच्या यंत्राची वैशिष्ट्ये शब्दश: उतरवून केलेली अट मात्र स्पर्धा संपवते. अट यंत्राच्या बांधणीची नको, कामगिरीची हवी.

एजिलंट, पर्किनएल्मर, थर्मो फिशर, स्पेक्ट्रो, शिमाझ्झू, होरिबा, अ‍ॅनालिटिक येना अशा अनेक कंपन्या ही यंत्रे बनवतात. नामांकित उत्पादकांच्या यंत्रांतील फरक अनेकदा त्यांच्या सेवेतील फरकापेक्षा कमी असतो. सेवा अभियंता नागपुरात आहे की मुंबई-हैदराबादहून येणार, सुटे भाग किती दिवसांत मिळणार, हमीनंतरच्या पाच वर्षांच्या देखभाल कराराचा दर आजच किती लिहून मिळतो, या प्रश्नांची उत्तरे दराच्या तुलनेत धरली पाहिजेत. टॉर्च, नेब्युलायझर आणि पंपाच्या लवचीक नळ्या या सतत झिजणाऱ्या वस्तू आहेत. त्यांचा दोन वर्षांचा साठा खरेदीतच मागावा.

आकड्यावर विश्वास कसा ठेवावा?

यंत्र आले म्हणजे आकडे खरे झाले, असे होत नाही. प्रयोगशाळेने आपली शोधमर्यादा स्वत: काढायची असते. किंचित धातू मिसळलेले किमान सात नमुने स्वतंत्रपणे मोजायचे, त्या आकड्यांचे प्रमाण विचलन काढायचे आणि त्याला ३.१४ ने गुणायचे, ही त्यासाठीची प्रचलित रीत. दररोजच्या कामात शुद्ध पाण्याचा कोरा नमुना, प्रमाणित निर्देशक द्रव्य आणि ज्ञात प्रमाणात धातू मिसळलेला नमुना मोजावा लागतो. दर दहा नमुन्यांनंतर अंशांकन दहा टक्क्यांच्या आत आहे का, हेही पाहावे लागते. प्लाझ्मा पद्धतीसाठी 'आयएसओ ११८८५' हे आंतरराष्ट्रीय मानक असून भारतीय मानकांच्या 'आयएस ३०२५' मालिकेत ते स्वीकारण्यात आले आहे. प्रयोगशाळेच्या सक्षमतेची मान्यता 'एनएबीएल' ही संस्था 'आयएसओ/आयईसी १७०२५' या मानकानुसार देते. मान्यता प्रत्येक घटकासाठी स्वतंत्र असते. त्यामुळे प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का, एवढे विचारून भागत नाही. आर्सेनिकसाठी, याच मर्यादेपर्यंत, मान्यता आहे का, असे विचारावे लागते.

थोडक्यात : यंत्र घेण्यापूर्वी

• मोजावयाच्या धातूंची आणि त्यांच्या कायदेशीर मर्यादांची यादी आधी करावी. मापनमर्यादा त्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी हवी.

• आपल्याच भागातील विहीर, नदी आणि गाळ यांचे नमुने देऊन विक्रेत्याकडून प्रात्यक्षिक करून घ्यावे. त्यातला एक नमुना दोनदा, वेगवेगळ्या नावांनी द्यावा.

• आर्सेनिक, सेलेनियम व पारा यांसाठीच्या जोडण्या मूळ निविदेतच घ्याव्यात.

• फ्लोराइड व नायट्रेटसाठी स्वतंत्र साधन आहे ना, याची खात्री करावी.

• आरगॉन, वीज, वातानुकूलन, देखभाल आणि सुटे भाग धरून सात ते दहा वर्षांचा एकूण खर्च काढावा.

• किमान दोन रसायनतज्ज्ञांना प्रशिक्षण द्यावे. एकाची बदली झाली की यंत्र धूळ खात पडते.

• वर्षाला पुरेसे नमुने येणार नसतील, तर स्वत:चे यंत्र न घेता विभागीय प्रयोगशाळेशी करार करावा आणि तो पैसा नमुने नीट गोळा करण्यावर खर्च करावा.

शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष वेधले पाहिजे. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळा नेहमीच्या तपासण्या करतात. नागपुरात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची विभागीय प्रयोगशाळा आहे आणि राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे 'नीरी', १९५८ पासून याच शहरात कार्यरत आहे. प्रत्येक तालुक्यात प्लाझ्मा यंत्र बसवणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. आवश्यक आहे ती गावापासून यंत्रापर्यंतची अखंड साखळी. तीत बाटली स्वच्छ हवी, आम्ल वेळेवर पडायला हवे, आणि आकडा गावापर्यंत परत पोहोचायला हवा.

त्या परतलेल्या अहवालात एक छोटी सुधारणा झाली, तरी नागरिकांचे मोठे हित होईल. 'आढळले नाही' एवढेच न लिहिता 'लिटरमागे ३ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी' असे मापनमर्यादेसह लिहिले जावे आणि शेजारच्या रकान्यात मानकाची मर्यादा द्यावी. मग आसगावच्या ग्रामपंचायतीतील कोणालाही, रसायनशास्त्र न शिकता, दोन आकडे शेजारी ठेवून पाहता येईल की आपल्याला उत्तर मिळाले आहे की केवळ कागद. अहवालात मापनमर्यादा छापलेली नसेल, तर ती मागणे हा पाणी तपासून घेणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे.